पांढऱ्या फरश्यांची जागा

मामा, परवा तुमचा तेरावा झाला. पाहुणे गेले, मांडव निघाला, आणि आज सकाळी मी पडवीत लॅपटॉप उघडून बसले. बसले म्हणजे नुसतीच बसले. समोर मंगळाचा फोटो होता, खालच्या कोपऱ्यात गाडीच्या चाकाचा तुकडा, पुढं दगड आणि माती, आणि अर्ध्या तासात मी त्याच्यावर एक रेघसुद्धा ओढली नाही. आत्याबाई बाहेर आल्या, माझ्याकडं बघितलं आणि परत आत गेल्या.

तुमच्याविषयी परवा लोक खूप बोलले. किती मेंढरं राखलीत, सीनेच्या काठानं किती मुलुख पायी तुडवलात, भावकीतली भांडणं कशी मिटवलीत. ते सगळं खरंच असणार, पण त्यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. मी धाकटी सून म्हणून या घरात आले, तुम्हाला मामा आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणायला लागले, त्याआधीच तुमच्या गुडघ्यांनी दगा दिला होता आणि मेंढरं विकून झाली होती. मला बोलायचंय ते फक्त मागच्या दीड वर्षाचं. ते पाहुण्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला सांगायच्या वेळी सांगितलं नाही, हीच तर माझी सगळी तक्रार आहे, आणि ती माझ्याविरुद्धच आहे.

लग्नानंतर पहिली चार वर्षं आपण एकमेकांशी किती शब्द बोललो असू? चहा ठेवलाय. पाणी तापलंय. ताट वाढलंय. तेही मी दाराकडं बघून बोलायची आणि तुम्ही आढ्याकडं बघून ऐकायचा. अंगणातून आत येताना तुम्ही खाकरायचा, म्हणजे मी डोक्यावरचा पदर सावरावा. रीतच तशी होती आणि मला तिचा राग नव्हता. उलट बरं वाटायचं, की या घरात कुणीतरी येण्याआधी कळवतं तरी.

मग मला हे काम मिळालं. धाराशिवला माझ्याबरोबर बीएस्सीला असलेल्या मैत्रिणीनं फोन करून सांगितलं, घरबसल्या आहे, फोटोंवर रेघा ओढायच्या, बघ जमतंय का. तुमचा मुलगा भूमच्या डेपोत ड्यूटीला गेला की घरात मी आणि आत्याबाईच. नेटवर्क आख्ख्या घरात पडवीच्या त्या एका कोपऱ्यात यायचं, म्हणून मी तिथं बसायला लागले. कानाला हेडफोन आणि हेडफोनवरून पदर. त्यामुळं त्या दिवशी तुमचं खाकरणं मला ऐकूच आलं नाही. तुम्ही दोनदा खाकरलात, तीनदा खाकरलात, शेवटी घसा दुखायला लागला असेल. आत्याबाईंनी नंतर सगळी नक्कल करून दाखवली. ही बाई एवढं काय बघतेय म्हणून तुम्ही माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिलात.

"ही आपल्या वरच्या माळाची फोटू हाय का?"

मी अशी दचकले की हेडफोन खाली पडला. "न्हाय मामा. मंगळ हाय. वर आभाळातला."

तुम्ही हसाल असं मला वाटलं. तुम्ही हसला नाहीत. उलट विचारलंत, "चारा न्हाय तिथं?"

"न्हाय."

"मग कोण हिंडतंय? ह्या चाकाच्या खुणा दिसत्यात की."

"यंत्राची गाडी हाय. सहा चाकांची. आत माणूस न्हाय."

"एकलीच?"

"एकलीच."

"मग तिला जपाया पायजे," तुम्ही म्हणालात आणि अंगणात निघून गेलात. चार वर्षांत आपण एवढं कधीच बोललो नव्हतो. मी तो दिवसभर त्याच विचारात होते.

काम समजावून सांगणं मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. मंगळ इतका लांब की इथून 'थांब' म्हटलं तर ते तिथं पोचेपर्यंत कित्येक मिनिटं जातात आणि तोवर गाडी रुतलेली असते. म्हणून गाडीला स्वतःलाच जमीन ओळखता यायला हवी. ते तिला शिकवायचं, तर आधी माणसांनी हजारो फोटोंवर रेघा ओढून दाखवावं लागतं : ही घट्ट जमीन, ही वाळू, हा उघडा खडक, हा मोठा धोंडा. चार रंग. ते रंग भरणाऱ्या कितीतरी जणांतली मी एक. सगळं ऐकून तुम्ही म्हणालात, "म्हंजी कोकराला माळ दावायचा." मी म्हटलं, व्हय, तसंच. कंपनीच्या प्रशिक्षणात एवढं डोक्यात शिरायला मला दोन दिवस लागले होते.

मग तुम्ही रोज यायला लागलात. माझ्यापासून चार हातांवर घोंगडी अंथरायची, तोंड अंगणाकडं करून बसायचं. सासऱ्यानं सुनेकडं बघत बसू नये म्हणून बघायचं अंगणाकडं, पण नजर तिरपी स्क्रीनवर. आठवड्याभरात तिरपी नजर सरळ झाली. पंधरा दिवसांनी घोंगडी दोन हात अलीकडं सरकली. मी लॅपटॉप थोडा तुमच्या बाजूला वळवला.

आत्याबाई आतून ओरडायच्या, "सासरा-सून गेल्यात मंगळावर! आता भाकरी बी तिकडनंच आणा."

"आणतू की," तुम्ही म्हणायचा. "चूल तेवढी पेटवून ठिव."

पहिल्या पहिल्यांदा तुमची फजितीही झाली. एका फोटोत तुम्ही एकदम "खड्डा! खड्डा!" म्हणून ओरडलात. मी निरखून बघितलं, तर तो चांगला गुडघाभर उंच ढीग होता. तुम्ही ओशाळलात, उठून गेलात, आणि मला वाटलं आता उद्या काही येत नाही हा माणूस. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात ते बसलाच नाहीत. उभ्यानंच विचारलंत, "कालच्या फोटूत ऊन कुठनं व्हतं?"

मी बघितलं. डावीकडून.

"आन आपलं काल उजवीकडनं व्हतं. डोळा फसला. फीर."

"काय फिरू?"

"तू फीर. डबा फिरीव. फोटूतलं ऊन आन आपलं ऊन एका अंगाला आलं पायजे."

मी फिरले. सकाळची वेळ होती, त्यामुळं दक्षिणेकडं तोंड करून बसावं लागलं. ढीग ढिगासारखा दिसला आणि त्याच्या शेजारचा खरा खड्डा, जो मला काल दिसलाच नव्हता, तो खड्ड्यासारखा दिसला. कंपनीनं प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात सूर्याची दिशा दाखवणारा बाण दिला होता. तो कशासाठी दिलाय हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून आपली रीतच झाली. फोटोतलं ऊन बघायचं, मग अंगणातलं, मग त्याप्रमाणं पाट, लॅपटॉप, घोंगडी, सगळं उचलून फिरवायचं. दुपारी पुन्हा उलटं. दक्षिणेला तोंड करून काय बसताय म्हणून आत्याबाई करवादायच्या. रस्त्यानं जाणारी माणसं बघत राहायची.

माझ्याकडं चार रंग होते, तुमच्याकडं मात्र जमिनीला नावंच नावं. मुरमाड, बरड, चोपण, गाळाची. एकच वाळू, पण वाऱ्यानं साठलेली वेगळी आणि पाण्यानं सोडलेली वेगळी. एका उताराकडं बघून तुम्ही म्हणालात, "हितनं पानी गेलंय." मी म्हटलं, तेच शोधायला तर गाडी पाठवलीय त्यांनी. "मग सांग त्यास्नी, घावलं म्हणून," असं म्हणून तुम्ही तंबाखू मळायला घेतलीत. मी कुणाला सांगणार होते? पण मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता, मामा. तुमचा की माझा, माहीत नाही; आपला.

मेंढरांच्या पुढं दोन-चार शेळ्या ठेवायच्या, कारण मेंढरू मान खाली घालून चालतं आणि शेळी पुढचं बघते, हे तुम्हीच मला सांगितलंत. मग म्हणालात, ह्या गाडीच्या म्होरं शेळी का न्हाय? मी सांगितलं, एका गाडीपुढं छोटं उडतं यंत्र पाठवलं होतं, ते वरून जमीन बघायचं. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "म्हंजी हायच की शेळी! शाणी मानसं हायती." नंतर ते यंत्र पंख मोडून तिथंच पडून राहिलं, हेही मी सांगितलं.  त्या दिवशी तुम्ही पुढचे फोटो बघितले नाहीत.

आणखी एक सांगायचं राहिलंय. या घरात माझ्या कामाला 'काम' पहिल्यांदा तुम्ही म्हणालात. तोवर मी 'फोटो बघत बसलेली' असायची. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला बोलवायला आल्या तेव्हा तुम्ही अंगणातूनच, माझ्याकडं न बघता, त्यांना सांगितलंत, "ती कामात हाय. सुटली की यील." सुटली की. मी जणू कचेरीतच होते. त्या एका शब्दानं माझी मान किती ताठ झाली, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सुनेनं सासऱ्याचे आभार कसे मानायचे असतात, ते मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

आता ती जागा.

कंपनीकडून एकदा आलेल्या फोटोंच्या बॅचमध्ये एकशे वीस फोटो होते आणि जवळजवळ सगळे एकाच ठिकाणचे. फिकट, सपाट, तडे गेलेली जमीन, घरात शहाबादी बसवावी तशा एकाला एक लागून पांढऱ्या फरश्या. एकही लाट नाही, एकही धोंडा नाही. मी खूश झाले, कारण असे फोटो पटापट होतात. कंपनीच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं : सपाट, लाटा नसलेली, तडे गेलेली जमीन दिसली की 'घट्ट' हा रंग. मी भरायला घेतला.

"थांब," तुम्ही म्हणालात. "हितं पाय देऊ नगंस."

"मामा, घट्ट हाय की ही. बघा, एक रेघ न्हाय वाळूची."

"वरनं घट्ट हाय. त्या तड्यांच्या कडा बघ. कडा खाली वाकल्यात. आत पोकळ असल्याबिगर कडा वाकत न्हाय."

मी बघितलं. मला कडा दिसल्या, वाकलेल्या दिसल्या नाहीत. आपण लॅपटॉप फिरवला. मग थोड्या दिसल्या.

तेव्हा तुम्ही मला तळ्याची गोष्ट सांगितलीत. तुमच्या तरणेपणी, दुष्काळात आटलेल्या एका तळ्याच्या पोटातून तुम्ही कळप घातला होता, वाट जवळची म्हणून. वर अशाच फरश्या. तुम्ही स्वतः काठी आपटून बघितली, घट्ट लागली. पुढच्या शेळ्या अडल्या, जाईनात. तुम्ही त्यांना शिव्या देऊन हाकललंत. मधोमध गेल्यावर फरश्या खचल्या आणि खाली नुसता गाळ. सात मेंढरं तुमच्या डोळ्यांसमोर गेली. ओढून काढायला गेलात तर तुम्हीच कमरेपर्यंत रुतलात आणि बरोबरच्या माणसांनी धोतराचा पीळ टाकून तुम्हाला बाहेर काढलं. "तवापासून म्या अशी जमीन बघितली की लांबनं जातू," तुम्ही म्हणालात. "लांब पडलं तरी चाललं."

मी एकशे वीस फोटोंमधली ती जागा 'वाळू' म्हणून रंगवली. धोक्याला तेवढा एकच रंग होता माझ्याकडं.

चार दिवसांनी सगळी बॅच लाल शेरे मारून परत आली. तपासणाऱ्या साहेबांचा फोन आला. मराठीच होते ते, आणि वाईट बोलले नाहीत. शांतपणे म्हणाले, मॅडम, नियमावली वाचली का? पुन्हा असं झालं तर तुम्हाला या कामावरून काढावं लागेल. मग त्यांनी विचारलं, तुम्ही एकट्याच काम करता ना? स्क्रीन दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही, हा नियम होताच, त्यावर मी सहीसुद्धा केली होती. मी म्हटलं, हो सर, एकटीच.

मी फोन ठेवला. तुम्ही नेहमीसारखे येऊन घोंगडी अंथरत होतात. मी वळून बोलले. डोक्यावरचा पदर कुठं होता, माहीत नाही.

"मामा, तुमी नका सांगत जाऊ आता काही. हे तुमचं मेंढरं चारायचं रान न्हाय. तुमच्यामुळं माझं काम जाईल."

तुम्ही घोंगडी अर्धी अंथरली होती. ती परत घडी घातलीत, नीट, चारी कोपरे जुळवून. म्हणालात, "बरं." एवढंच. आणि जाऊन लिंबाखाली बसलात.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तिथंच. पडवीत आला नाहीत. अंगणातून येताना पुन्हा खाकरायला लागलात आणि मला ते आता हेडफोनमधूनही ऐकू यायचं. घरात कुणाला काही कळलं नाही. तुमचा मुलगा म्हणाला, आबा अलीकडं गप्पच असतात, वय झालं. मी मान हलवली. बोलवावं असं कितीदा मनात आलं, मामा. पण मला वाटायचं, आधी तुम्ही थोडे रागवा, काहीतरी बोला, म्हणजे मला माफी मागता येईल. तुम्ही रागवतच नव्हता. चहा दिला की घ्यायचा, ताट वाढलं की जेवायचा. त्या 'बरं'ला धरून भांडायला काही जागाच नव्हती.

दिवाळीनंतर कंपनीची नवी नियमावली आली. मी चहा पीत पीत वाचत होते. पाचवा रंग आलेला. 'वरून घट्ट, आतून सैल असण्याची शक्यता.' शेजारी नमुन्याचा फोटो, आणि खाली टीप : तड्यांच्या कडा खाली झुकलेल्या आहेत का, ते पाहावं. चहा तसाच राहिला. मी ती टीप चार वेळा वाचली आणि चारही वेळा ती तुमच्या आवाजात ऐकू आली.

आता तुम्हाला सांगायचंच, असं मी ठरवलं. खरंच ठरवलं होतं. दुपारी तुम्ही लिंबाखालून हाक मारून पाणी मागितलंत आणि मी तांब्या भरून घेऊन गेले. तुम्ही पाणी प्यालात, तोंड पुसलंत, आणि मी बोलायच्या आत तुम्हीच, लिंबाच्या बुंध्याकडं बघत, विचारलंत :

"ती पांढऱ्या फरश्यांची जागा. गाडी गेली का तिकडनं?"

एवढे महिने तुम्ही काही विचारलं नव्हतं. माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण आता लपवून काय करायचं. मला वाटलं, हा माणूस मला खिंडीत गाठतोय. टीप आली हे याला कसं कळलं? माझी चूक माझ्याच तोंडून वदवून घ्यायचीय याला. आणि जे शब्द ओठांवर आणून मी तांब्या घेऊन आले होते, ते गिळून मी म्हणाले, "गेली की. कवाच गेली. काय बी झालं न्हाय तिला."

मला काहीच माहीत नव्हतं, मामा. त्या गाडीच्या वाटेचा नकाशा कुणालाही बघता येतो, दहा मिनिटांचं काम होतं. मी तो कधी उघडूनही बघितला नव्हता.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. सरळ, पहिल्यांदाच. आणि तुमचा चेहरा उजळला. "बरं झालं," तुम्ही म्हणालात. "लई बरं झालं. मला घोर लागून राहिला व्हता."

तुम्हाला जिंकायचं नव्हतंच. एवढे महिने तुम्ही त्या झाडाखाली बसून त्या एकट्या गाडीची काळजी करत होतात. मी रिकामा तांब्या घेऊन घरात आले. उद्या सांगू, असं म्हटलं. उद्या, परवा, संक्रांत झाल्यावर, बॅच संपल्यावर. खोटं एकदा बोललं की खरं सांगायला पहिल्यापेक्षा जास्त हिंमत लागते आणि माझ्यात पहिलीही नव्हती.

मग तो सोमवार आला. शेजारच्या वावरात कुणाची तरी मेंढरं बसली होती, ती बघायला तुम्ही सकाळी गेलात. बांधावर बसलात. ते मेंढकेच धावत सांगायला आले. मी पोचले तेव्हा तुमची काठी हातातच होती आणि मेंढरं तुमच्या भोवतीनं चरत होती. लोक म्हणाले, भाग्याचा माणूस, मेंढरांत गेला. मी तिथं उभी होते आणि माझ्या डोक्यात फक्त एकच होतं, की हा माणूस माझ्याकडून एक खोटं घेऊन गेला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या दाणे निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. मी रडून घेतलं, मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी त्यांनी एक भाकरी जास्ती खाल्ली. म्या इचारलं, आज काय इशेष? तर म्हणले, गाडी सुखरूप गेली, पोरगी म्हणली."

"पर आत्या, म्या खोटं बोलले."

"मग आता खरं बोल," त्या म्हणाल्या. "मला कशाला सांगतीस?" आणि पुन्हा दाणे निवडायला लागल्या.

आज अर्धा तास नुसती बसून झाल्यावर मी काम सुरू केलं. तिसऱ्याच फोटोत तशी जागा निघाली. अगदी तीच नाही, पण तशीच, फिकट, तडे गेलेली, फरश्याफरश्यांची. मी उन्हाचा बाण बघितला, अंगणातलं ऊन बघितलं, पाट उचलून फिरवला आणि पाचवा रंग भरला. नव्या पद्धतीत या रंगाला कारण लिहावं लागतं. एक चौकट उघडते : हे तुम्ही कशाच्या आधारे ठरवलं? आधार सांगा, व्यक्ती असल्यास नाव लिहा.

मी म्हटलं, आधार पाहिजे तर गाडीच्या वाटेचा नकाशा उघडू. इतके दिवस जे केलं नव्हतं ते केलं. आपली जुनी जागा शोधली, तिथं गाडीच्या वाटेची पांढरी रेघ कुठं जाते ते बोटानं धरत बघितलं, मोठं करून पुन्हा बघितलं. आधार म्हणून त्या चौकटीत तो नकाशा लिहिला असता तरी चाललं असतं. चांगला, वजनदार आधार. कुणी एक प्रश्न विचारला नसता.

पण व्यक्ती असल्यास नाव लिहा, असं त्यात होतं. तुमचं नाव मी आयुष्यात कधी उच्चारलेलं नाही. सुनेनं सासऱ्याचं नाव घेऊ नये. रेशनकार्ड दाखवतानासुद्धा मी बोट ठेवून दाखवायची. आज मी ते अक्षर अक्षर टाईप केलं. म्हाळू. त्याच्यापुढं लिहिलं : माझे सासरे. मेंढपाळ. मागं जी एकशे वीस फोटोंची बॅच कंपनीनं नाकारली होती, तीही त्यांनीच पाहून सांगितली होती, आणि ती बरोबर होती. मी तेव्हा एकटीच काम करते असं सांगितलं, ते खोटं होतं.

आणि पाठवून दिलं. आता ते मला कामावर ठेवतील की काढतील, माहीत नाही. अजून उत्तर आलेलं नाही. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "पाठिवलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाठवलं.

तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलंय, मामा. ती गाडी तिकडून गेली नाही. पांढऱ्या फरश्यांच्या अलीकडं येऊन ती थांबली होती, चांगले काही दिवस थांबली होती. मग आपल्याच चाकांच्या खुणांवरून मागं फिरली आणि लांबून, पार टेकडीच्या पायथ्यावरून, वळसा घालून पलीकडं गेली. सुखरूप गेली. या वेळी खरं सांगतेय.